कूर्गचं राज्य १९५६ मध्ये लोकांना न विचारता मोडलं. हे बरोबर होतं का?

कोयनाकाठ

१ नोव्हेंबर १९५६ म्हटलं की आपल्याला द्वैभाषिक मुंबई राज्य आठवतं, आणि बेळगाव-कारवार म्हैसूरकडे गेलं तेही आठवतं. त्याच दिवशी, त्याच राज्य पुनर्रचना कायद्याने दक्षिणेतलं एक अख्खं राज्य नकाशावरून गेलं. त्याला स्वतःची विधानसभा होती, स्वतःचा मुख्यमंत्री होता. ते राज्य म्हणजे कूर्ग, आजचा कर्नाटकातला कोडगू जिल्हा. आपण तिथे कॉफीचे मळे आणि तलकावेरी बघायला जातो, पण या राजकीय इतिहासाबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोडगूवर साधारण १६०० पासून हालेरी घराण्याचं राज्य होतं. हे राजे वीरशैव, तर प्रजेत कोडव, गौड, येरव, कुरुब असे अनेक समाज. हैदर आणि टिपूच्या काळात हा मुलूख पार भरडून निघाला. दोड्ड वीरराजेंद्र टिपूच्या कैदेतून १७८८ मध्ये निसटला, त्याने इंग्रजांशी तह केला आणि राज्य परत उभं केलं. पुढे १८३४ मध्ये त्याच इंग्रजांनी चिक्क वीरराजेंद्राला पदच्युत करून कूर्ग खालसा केलं. त्या वेळचा जाहीरनामा वाचण्यासारखा आहे. तिथल्या रहिवाशांची एकमुखी इच्छा आहे म्हणून हा प्रदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली घेत आहोत, असा त्याचा आशय. एकमुखी इच्छा! कुणी कुणाला विचारलं होतं? तीनच वर्षांत, १८३७ मध्ये, अमर सुळ्य भागात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, यावरून काय ते समजा.

त्यानंतर कूर्ग चीफ कमिशनरचा प्रांत म्हणून राहिलं. १८८१ नंतर तर कित्येक दशकं बंगळूरचा म्हैसूर रेसिडेंट हाच कूर्गचाही चीफ कमिशनर असायचा. १९२४ मध्ये छोटं कायदेमंडळ आलं. १९५० च्या राज्यघटनेत कूर्ग 'क' वर्गाचं, म्हणजे केंद्राच्या देखरेखीखालचं राज्य झालं. अजमेर, भोपाळ, दिल्ली, हिमाचल, विंध्य प्रदेश हे त्याच रांगेतले.

१९५२ मध्ये तिथे पहिली विधानसभा निवडणूक झाली. २४ जागा होत्या. सी. एम. पुणच्चांच्या काँग्रेसला १५ मिळाल्या. गांधीवादी पंद्यंड बेळ्ळियप्पांच्या नेतृत्वाखालच्या तक्कडी पक्षाचे ९ जण आले. हा पक्ष म्हैसूरमध्ये विलीन व्हायला उघड विरोध करत होता. पुणच्चा मुख्यमंत्री झाले. मंत्रिमंडळ दोघांचं, ते स्वतः आणि कुट्टूर मल्लप्पा. साडेचार वर्षं हे सरकार चाललं. मग राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने कूर्ग कर्नाटकात घालण्याची शिफारस केली आणि ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री राज्य संपलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. विलीनीकरण चांगलं की वाईट हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की स्वतःची विधानसभा निवडून दिलेल्या लोकांना त्यांचं राज्य राहावं की जावं, हे थेट विचारायला नको होतं का? मला वाटतं, विचारायलाच हवं होतं. ते न विचारल्याची किंमत कोडगू आजही मोजतोय. २४ आमदारांच्या जागी आज मडिकेरी आणि विराजपेट असे दोनच मतदारसंघ उरलेत. २००८ पर्यंत तीन होते, सोमवारपेट पुनर्रचनेत गेला. १९५२ मध्ये लोकसभेला कूर्गचा स्वतःचा खासदार होता. नंतर हा भाग मंगळूरला जोडला, मग म्हैसूरला. कोडगूच्या मतांवर खासदार निवडून येईल अशी परिस्थितीच राहिलेली नाही.

मतं मांडा. विरोधी असतील तर जास्त चांगलं.

---

रोखठोक

कोयनाकाठ, माहिती उत्तम दिलीत, पण निष्कर्ष साफ अमान्य. लोकांना विचारलं नाही असं कसं म्हणता? तुम्हीच लिहिलंय, १९५२ ला एक पक्ष विलीनीकरणाच्या विरोधात उभा होता. समोरची काँग्रेस विलीनीकरणाच्या बाजूची. लोकांनी १५ विरुद्ध ९ असा कौल दिला. याहून वेगळं विचारायचं म्हणजे काय करायचं?

आणि आकारही बघा. १९५१ च्या जनगणनेत कूर्गची लोकसंख्या २,२९,४०५. आज आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याएवढी. त्याला २४ आमदार, म्हणजे साडेनऊ हजार माणसांमागे एक. मुख्यमंत्री, चीफ कमिशनर, सचिवालय, वेगळी खाती, हे सगळं एवढ्या लोकांच्या जिवावर चालवायचं? 'क' वर्गाची राज्यं खर्चाला जड आणि केंद्रावर अवलंबून आहेत, हे आयोगाचं मूळ निरीक्षण होतं आणि ते खोटं नव्हतं.

शिवाय ज्या 'राज्या'साठी तुम्ही हळहळताय त्याचे अधिकार किती होते? १९५१ च्या 'क' वर्ग राज्यांच्या कायद्याप्रमाणे मंत्रिमंडळाच्या बैठकीचा अध्यक्ष चीफ कमिशनर. विधानसभेने विधेयक मंजूर केलं तरी ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायचं, मंजुरी दिल्लीहून यायची. ते खरं स्वराज्य नव्हतंच. विलीन झाल्यावर कोडगूचा माणूस पहिल्यांदा पूर्ण अधिकाराच्या राज्याचा नागरिक झाला.

---

पेडण्याची

रोखठोक, मी गोव्याची आहे. निवडणूक म्हणजेच कौल हे तुमचं समीकरण आमच्याकडे सपशेल खोटं ठरलंय, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये आमच्याकडे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगोप) सत्तेवर आला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा हा त्यांचा मुख्य कार्यक्रम. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री. तुमच्या न्यायाने विषय तिथेच संपला, नाही का? लोकांनी कौल दिला, करा विलीन. पण संसदेने जनमत कौलाचा कायदा केला, निःपक्षपाती मतदान व्हावं म्हणून बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला, आणि १६ जानेवारी १९६७ ला लोकांना फक्त एकच प्रश्न विचारला. संघप्रदेश राहावं या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०.

आणि पुढचं बघा. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि पुन्हा मगोपच निवडून आला! बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. म्हणजे त्याच लोकांनी, त्याच वर्षी, पक्ष एक निवडला आणि त्याच्या मुख्य कार्यक्रमाला नकार दिला. कुळांना बांदोडकर हवे होते, बहुजनांना ते आपले वाटत होते, शाळा हव्या होत्या. पण गोवा मिटवायचा नव्हता. माणसं मत देताना शंभर गोष्टी बघतात.

१९५२ मध्ये कूर्गमध्येही लोक गांधी-नेहरूंच्या पक्षाला मत देत होते. देशभर काँग्रेसची लाट होती. त्या १५ जागा म्हणजे विलीनीकरणाला होकार, हे तुम्ही आज बसून ठरवताय.

---

तळटीप

पेडण्याची ताई, हा मुद्दा बिनतोड आहे. मगोप दोनदा जिंकला आणि मध्ये विलीनीकरण हरलं, हे माहीत होतं, पण असं शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं.

---

रोखठोक

बिनतोड नाही. गोव्याची गोष्टच वेगळी. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट, वेगळा कायदा, १९६१ ची लष्करी कारवाई, सगळ्या जगाचं लक्ष. नेहरूंनी गोव्याचं वेगळेपण जपण्याचा शब्द दिलेला. एक बाजू मराठीची, एक कोंकणीची, आणि दिल्लीला निर्णय घेता येईना. तेव्हा कौल घेतला. तो स्वतंत्र भारतात अशा प्रश्नावर घेतलेला अपवादात्मक कौल आहे. अपवादाला नियम करून १९५६ च्या माथी मारणं चूक. त्या वर्षी कोणत्या राज्यात लोकांना विचारलं? हैदराबादला विचारलं? मध्य भारताला विचारलं? अजमेरला? अख्ख्या देशाचा नकाशा एका कायद्याने बदलला. प्रत्येक ठिकाणी मतपेटी ठेवली असती तर आजपर्यंत मोजणी चालू असती.

---

बेळगावकर

हा धागा वाचून छातीत काहीतरी हललं. आम्ही त्याच कायद्याचे भोगी आहोत.

महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर जी चार सूत्रं मांडली ती आमच्या घरात पोरांनाही पाठ: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. चौथं सूत्र लोकेच्छा! आम्ही साठ-सत्तर वर्षं हेच ओरडतोय, की आम्हाला विचारा. मग कूर्गच्या माणसाला विचारायचं नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? लोकेच्छा आपल्यापुरतीच खरी असेल तर ते सूत्र कसलं?

कोडव माणसाचं आणि आमचं भांडण कर्नाटकाशी वेगवेगळ्या कारणांसाठी असेल. पण १९५६ ला दिल्लीत बसून रेघ मारली गेली, ती दोघांच्याही अंगणातून गेली.

---

मीमांसक

बेळगावकर, भावना पोचली. पण चारही सूत्रं कूर्गला लावून बघा. फक्त चौथंच का लावता? भाषिक बहुसंख्या लावली तर काय होतं?

या चर्चेत एक गोष्ट सगळे गृहीत धरतायत, की कूर्ग म्हणजे कोडव. तसं नाही. १९५१ मध्ये कूर्गमध्ये सर्वांत मोठा भाषिक गट कन्नडचा होता, साधारण एक तृतीयांश. कोडव बोलणारे त्याहून कमी. मागोमाग मल्याळम, तुळू, येरव वगैरे. कोणाचंच स्पष्ट बहुमत नाही. उत्तरेकडचा सोमवारपेटचा पट्टा लिंगायत आणि वोक्कलिग वस्तीचा, त्याचं येणंजाणं हासन-म्हैसूरकडे. सुळ्याच्या बाजूला अरेभाषे बोलणारे गौड. हालेरी राजांचा दरबारी कारभार कन्नडमध्ये चालायचा, दोड्ड वीरराजेंद्राने लिहवून घेतलेला राजघराण्याचा इतिहाससुद्धा कन्नडमध्येच. तेव्हा कन्नड ही बाहेरून लादलेली भाषा होती असं मानू नका.

सीमेचं म्हणाल तर तीही फार पवित्र नव्हती. १८३४ मध्ये खालसा करताना इंग्रजांनी अमर सुळ्य आणि पुत्तूरचा भाग तोडून किनाऱ्यावरच्या कॅनरा जिल्ह्याला जोडून टाकला. १८३७ च्या उठावामागे हे एक कारण होतंच. म्हणजे १९५६ ला मोडलेलं कूर्ग हे मुळात इंग्रजांनी कातरलेलं कूर्ग होतं.

आता माझा खरा मुद्दा. वेगळं राज्य कुणाला हवं होतं? जम्मा जमिनीचे वंशपरंपरागत हक्क ज्यांच्याकडे होते, कॉफीचे मळे ज्यांचे होते, त्यांना राजधानी मडिकेरीची सत्ता आपल्या हातात राहावीशी वाटणं स्वाभाविक होतं. मळ्यात राबणाऱ्या येरवाला, कुरुबाला त्या २४ जणांच्या सभागृहात काय मिळालं? छोट्या राज्यात सत्ता लोकांच्या जवळ येते असं आपण म्हणतो. ती गावातल्या बड्या माणसाच्याही तितकीच जवळ येते. मोठ्या राज्यात येरव पोराला निदान दुसऱ्या जिल्ह्यातला अधिकारी भेटतो, जो त्याच्या मालकाचा पाहुणा नसतो. मी विलीनीकरणाच्या बाजूने आहे तो एवढ्यासाठी.

---

कोयनाकाठ

मीमांसक, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

कूर्ग म्हणजे फक्त कोडव नव्हे, हे शंभर टक्के मान्य. मी कुठेही कोडव राज्य म्हटलेलं नाही. पण तुमच्याच आकड्यातून उलटा निष्कर्ष निघतो. एक तृतीयांश कन्नड म्हणजे दोन तृतीयांश कन्नडेतर. भाषावार प्रांतरचना हा जर पाया होता, तर ज्या प्रदेशात कुठल्याच भाषेचं बहुमत नाही तिथे भाषेचा निकष निकालीच निघतो. मग उरतं काय? लोकांची मर्जी. नेमकी तीच विचारली नाही.

जम्मा आणि मळेवाल्यांबद्दल. ही भीती खरी असेल. पण १९५२ ची निवडणूक प्रौढ मतदानावर झाली होती. येरवालाही तेवढंच एक मत होतं जेवढं मळेवाल्याला. तुम्हाला जर वाटतं की मजूर, कुरुब, येरव, उत्तरेकडचे कन्नडभाषक हे सगळे विलीनीकरणाच्या बाजूचे होते, तर कौल घ्यायला घाबरायचं कारणच नव्हतं. कदाचित विलीनीकरण सहज जिंकलं असतं! माझी काही हरकत नसती. मग आज कोणाला वेगळ्या कोडगूची मागणी करायला नैतिक आधारच उरला नसता. कोडव नॅशनल कौन्सिल गेली तीसेक वर्षं स्वायत्ततेसाठी मोर्चे काढतंय, त्यांच्या बोलण्यात १९५६ येतंच येतं. आम्हाला विचारलं नाही, ही सल तोंडी हस्तांतरित होत राहते.

येरव समाजाला मोठ्या राज्याने न्याय दिला का, याचं उत्तर मात्र द्या. कोडगूतल्याच दिडळ्ळीच्या आदिवासींनी २०१६ मध्ये घरं पाडल्यावर कशी आंदोलनं केली ते आठवा. तेव्हा राज्य मोठंच होतं.

---

सह्यवेडा

मी बँकेच्या नोकरीत मडिकेरीला होतो, म्हणून दोन गोष्टी प्रत्यक्ष बघितलेल्या सांगतो.

मडिकेरीच्या किल्ल्यात शिरलात की राजवाड्याच्या अंगणात चुन्या-विटांचे दोन हत्ती उभे दिसतात, खऱ्या हत्तीच्या आकाराचे. पर्यटक तिथे फोटो काढून निघतात. त्याच किल्ल्यात जुन्या विधानसभेचं सभागृह आहे. लोक आजही त्याला जुनं विधानसभा सभागृह असंच म्हणतात, आणि मी होतो तेव्हा तिथे जिल्हा पंचायतीच्या बैठका व्हायच्या. जिथे एकेकाळी राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला तिथे तेव्हा रस्त्याच्या खड्ड्यांवर आणि हत्तींनी तुडवलेल्या शेतांवर चर्चा व्हायची. तीही महत्त्वाचीच, पण त्यावरचा निर्णय बंगळूरला होतो.

दुसरी गोष्ट. जिल्ह्यात रेल्वे नाही. आजही नाही. सरकारी मेडिकल कॉलेज आलं २०१६ मध्ये. विलीनीकरणाला तेव्हा साठ वर्षं झाली होती. आमच्या शाखेतल्या शिपायाच्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा पावसात घाट उतरून मंगळूरला न्यावं लागलं. एवढा परकीय चलन मिळवून देणारा कॉफीचा जिल्हा, आणि दवाखान्यासाठी घाट उतरायचा?

एक कॉफीवाले आजोबा नेहमी पासबुक भरायला यायचे. ते म्हणायचे, पूर्वी मंत्र्याला भेटायचं तर सकाळी चालत जाऊन दुपारी घरी जेवायला यायचो. मला वाटतं, वेगळ्या राज्याचं सगळं सार त्यांच्यासाठी एवढ्यात होतं.

---

रोखठोक

सह्यवेडा, रेल्वे केंद्राची असते आणि तो मुलूख डोंगर-जंगलाचा आहे. वेगळं राज्य असतं तरी रुळ पडले असते असं नाही. मेडिकल कॉलेजचं म्हणाल तर अडीच लाखांच्या राज्याने ते कुठल्या पैशातून काढलं असतं?

आणि कोडगूचा आवाज संपला म्हणता? कुशालनगरचे आर. गुंडूराव १९८० ते १९८३ कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते, सोमवारपेटमधून निवडून आलेले. के. जी. बोपय्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. आणि खुद्द सी. एम. पुणच्चा! ज्यांचं राज्य गेलं ते पुढे केंद्रात रेल्वेमंत्री झाले, नंतर मध्य प्रदेश आणि ओडिशाचे राज्यपाल. कूर्गच्या छोट्या चौकटीत राहिले असते तर हे झालं असतं का? मोठ्या राज्याने या मुलखाच्या माणसांना मोठं मैदान दिलं.

---

पेडण्याची

माणसं मोठी होणं आणि मुलखाला अधिकार असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोडगूचेच जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या तर विलीनीकरणाआधीच नावारूपाला आले होते. त्यासाठी बंगळूरची गरज लागली नाही. गुंडूराव मुख्यमंत्री झाले ते सगळ्या कर्नाटकाचे, कोडगूचे नव्हेत. आणि ते तसंच असायला हवं.

गोवा आज १९८७ पासून राज्य आहे. लोकसंख्या १५ लाखांच्या आसपास, विधानसभा ४० ची. कोणी म्हणत नाही की खर्च परवडत नाही, बंद करा. आमच्याकडे भ्रष्टाचार आहे, पक्षांतरं आहेत, सगळं आहे. पण खाणींवर निर्णय होतो तेव्हा मोर्चा पर्वरीला, विधानसभेवर जातो आणि संध्याकाळी माणसं घरी येतात. १९६७ ला कौल वेगळा लागला असता तर आम्ही एक-दोन जिल्हे असतो आणि मोर्चा मुंबईला न्यावा लागला असता.

---

दख्खनी वाट

छोट्या दाक्षिणात्य राज्यांचाच विषय आहे तर संडूरचं नाव का नाही? बळ्ळारीजवळचं घोरपड्यांचं मराठा संस्थान, १ एप्रिल १९४९ ला मद्रास प्रांतात विलीन झालं. तिथेही कोणी लोकांना विचारलं नव्हतं. संस्थानं तर साडेपाचशेच्या वर होती. सगळ्यांसाठी रडायचं का?

---

कोयनाकाठ

संडूरवर वेगळा धागा व्हायलाच हवा, कारण तो आपल्याही इतिहासाचा भाग आहे. यशवंतराव घोरपडे यांनी तिथली देवळं १९३२ च्या सुमारास हरिजनांना खुली केली होती, गांधीजी तिथे जाऊन आले होते. लिहा तुम्ही, मी वाट बघतो.

पण फरक लक्षात घ्या. संडूरमध्ये राजा होता आणि विलीनीकरणावर सही राजाने केली. राजेशाही संपून लोकशाही आली, त्यात लोकांचा फायदाच होता. कूर्गमध्ये १८३४ नंतर राजाच नव्हता. १९५६ ला जे मोडलं ते प्रौढ मतदानाने निवडलेलं सरकार होतं. एक सिंहासन रिकामं करणं आणि एक विधानसभा बंद करणं एकाच तराजूत घालू नका.

रोखठोक, तुमच्या १९५६ च्या यादीलाही एक उत्तर आहे. हिमाचल प्रदेश. तोही 'क' वर्गातला. आयोगातल्या बहुमताने तो पंजाबात घाला म्हटलं. अध्यक्ष फाजल अली यांनी स्वतंत्र टिपण लिहून विरोध केला, हिमाचल वेगळा ठेवा म्हणाले. सरकारने त्यांचं ऐकलं. हिमाचल संघप्रदेश राहिला आणि १९७१ मध्ये पूर्ण राज्य झालं. आज कोणाला वाटतं की ती चूक होती? म्हणजे सगळ्यांना एकच नियम लागला हे खरं नाही. ज्याच्या बाजूने आयोगात बोलणारा निघाला तो वाचला.

---

मीमांसक

हिमाचलची लोकसंख्या तेव्हा सुमारे ११ लाख, म्हणजे कूर्गच्या जवळजवळ पाचपट. शिवाय सीमेवरचा मुलूख. तुलना पुरती जुळत नाही.

कोयनाकाठ, तुमच्या उत्तरातली एक गोष्ट मला पटते. कौल घेतला असता तर आजची खदखद राहिली नसती. पण तुम्ही गृहीत धरताय की सगळे हरणारे निकाल मानतात. मला शंका आहे. कौल कूर्गभर एकत्र घेतला असता आणि दक्षिण कोडगूने विरोधात, सोमवारपेटने बाजूने मत दिलं असतं तर? खेडं हा घटक धरायचा तर राज्याचे दोन तुकडे करायचे? बेळगावकरांच्या चार सूत्रांनी कूर्ग अखंड राहिलंच नसतं.

---

बेळगावकर

मीमांसक, तुकडे झाले असते तर झाले असते. सोमवारपेटच्या माणसाची इच्छा म्हैसूरला जायची असेल तर त्याला का अडवायचं? आम्ही अखंड कर्नाटकाचा आदर करा असं ऐकत आलोय, म्हणून अखंड कूर्गचाही हट्ट मी धरणार नाही. माणूस आधी, रेघ नंतर.

---

तळटीप

एक प्रश्न. कूर्गच्या विधानसभेचं मत तरी घेणं बंधनकारक होतं ना? राज्याची सीमा बदलताना विधेयक त्या विधानसभेकडे पाठवायचं असतं, असं नागरिकशास्त्रात शिकलो होतो.

---

कोयनाकाठ

फार बरं विचारलंत, कारण गोम इथेच आहे. तुम्ही शिकलात ते आजचं कलम ३. १९५६ पूर्वीचं कलम ३ वेगळं होतं. विधेयक विधानसभेकडे पाठवून मत घेण्याची अट फक्त 'अ' आणि 'ब' वर्गाच्या राज्यांसाठी होती. 'क' वर्गाचं नाव त्यात नव्हतंच. म्हणजे मुंबई राज्याचं मत घेणं घटनेने बंधनकारक, म्हैसूरचं बंधनकारक, आणि जे कूर्ग पूर्णपणे मिटणार होतं त्याचं मत घेणं बंधनकारक नाही. जो मोठा होणार त्याला विचारा, जो नाहीसा होणार त्याला विचारलं नाही तरी चालेल. माझा राग या तरतुदीवर आहे, कन्नड भाषकांवर किंवा पुणच्चांवर अजिबात नाही.

---

रोखठोक

ही माहिती महत्त्वाची आहे, मान्य. पण त्याने निकालात काय फरक पडला असता? कलम ३ प्रमाणे विधानसभेचं मत संसदेवर बंधनकारक कधीच नव्हतं आणि आजही नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, तरी जूनमध्ये तेलंगणा झालं. कूर्गच्या सभागृहात तर विलीनीकरणवाल्या काँग्रेसचेच १५ जण होते. ठराव सहज मंजूर झाला असता.

---

पेडण्याची

मंजूर झाला असता तर झाला असता. पण आंध्रच्या सभागृहात कोण उभं राहून काय बोललं, कोणी विरोध केला, कोणत्या कारणासाठी केला, हे सगळं कामकाजाच्या नोंदीत आहे. घटनेनेच ते मागितलं होतं म्हणून आहे. कूर्गच्या त्या नऊ जणांकडे घटनेने काहीच मागितलं नाही, आणि पंधरा जणांकडेही नाही. त्यांच्यातले किती जण आपल्या मतदारांसमोर 'हो, मोडा आपलं राज्य' असं हात वर करून म्हणाले असते, हे तुम्ही पक्षाच्या चिन्हावरून सांगू शकत नाही. मला तरी ते पंधराचे पंधरा राहिले असते याची खात्री वाटत नाही.